डोणीतले वाकडे गप्पी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाण्याचा पत्ता नव्हता, पण साहेब लोक मात्र रोज नवे येत होते. आमचं दुकान पुढं, घर मागं, आणि वरच्या दोन खोल्या अशाच एका साहेबांना भाड्यानं दिलेल्या. साहेब सकाळी जीपमध्ये बसून जायचे ते दिवेलागणीलाच परतायचे. त्यांची बायको, जिला मी मनातल्या मनात साहेबीण म्हणायचे, दिवसभर काचेच्या पेटीसमोर बसून असायची.

पेटीत गप्पी मासे होते. नरांच्या शेपट्या लाल, निळ्या, झुलीसारख्या, अंगापेक्षा मोठ्या. बघत राहावं असं रूप होतं, खोटं कशाला बोलू! पण साहेबिणीचं समाधान होत नव्हतं. तिला अजून लांब शेपटी हवी होती. त्यासाठी ती लांब शेपटीचा नर धरायची आणि त्याच्याच बहिणीशी नाहीतर लेकीशी जोडी लावायची. आमच्याकडं मामाला भाची देतात, तर तेवढ्यावरच डॉक्टर लोक कान उपटतात. इथं तर सगळी लाजच सोडलेली. व्हायचं तेच झालं. प्रत्येक वेताला दोन-चार पिल्लं पाठीत वाकलेली निघायला लागली. साहेबीण ती चहाच्या गाळणीनं उचलून मोरीत टाकून द्यायची.

एक दिवस हे माझ्या सासूबाईंनी बघितलं. आत्याबाई आमच्या लिंगायत. गळ्यात लिंग, आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्या जिन्यातच थांबल्या.

"अवं बाई, जित्ता जीव मोरीत टाकायलात तुमी?"

"मावशी, असे ठेवले तर पुढची सगळी जात बिघडते," साहेबीण म्हणाली.

"मंग बिघडवली कुणी?"

आत्याबाईंनी साहेबिणीच्या हातातली गाळणी काढून घेतली. म्हैस विकल्यापासून अंगणातली दगडी डोणी रिकामी पडली होती, तिच्यात पाणी ओतलं आणि ती वाकडी पिल्लं तिथं सोडली. त्या दिवसापासून वरची वाकडी खाली यायला लागली. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

कसलं मिटतंय! साहेबिणीनं बोलता बोलता एक गोष्ट शिकवून ठेवली होती. गप्पीची आई स्वतःची पिल्लं खाते, म्हणून जन्मली की लगेच बाजूला काढायची. हे ऐकून आत्याबाई हबकल्याच. मग काय, पूजा झाली की गाळणी घेऊन डोणीपाशी बसायच्या आणि एक एक पिल्लू वेचून घंगाळात ठेवायच्या. मोठी झाली की परत डोणीत. एकही मरू दिलं नाही. वाकड्याला वाकडी मिळाली आणि डोणी बघता बघता भरून गेली.

अशातच साहेबांची नांदेडला बदली झाली. साहेबिणीनं देखणे मासे डब्यात भरून नेले. वाकडे आमच्या गळ्यात मारले.

इकडं दुष्काळ वाढत चालला होता. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. मी हापशावर रांगेत उभी राहायची, भांडायची, कमरेला रग लागेपर्यंत दांडा मारायची आणि घागर घरी आणायची. आत्याबाई त्यातलं पाणी डोणीत ओतायच्या. वर स्वतःची आंघोळ तांब्या-दोन तांब्यात उरकायच्या. माझं डोकं असं फिरायचं! शेजारीण कुंपणावरून मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "माणसाला प्यायला न्हाई आन हितं माशांचे लाड चाललेत." तिला मी सोडलं नसतं, पण तिचं तरी काय चुकलं होतं?

मग एका वेतात अशी पिल्लं निघाली की त्यांना वरच येता येईना. एक तर डोकं खाली करून गोल गोल फिरत होतं. आत्याबाई त्याच्याकडं बघत बसल्या आणि एकाएकी रडायला लागल्या.

"मी ह्यांना वाचवायलेय का छळायलेय गं?"

माझा सगळा राग तिथल्या तिथं गेला. त्यांना मारायचं नव्हतं, आणि असं जन्माला घालत राहणंही आता बघवत नव्हतं. दोन्हीच्या मध्ये त्या अडकल्या होत्या. आमचे मालक, म्हणजे आत्याबाईंचा लेक, म्हणाले, धरणात सोडून येऊ. मी म्हटलं, "धरणात गुडघाभर पाणी, काठावर बगळे. ते काय ह्यांची आरती करणार हायत?"

त्याच आठवड्यात शेजारणीच्या हौदावर हिवतापवाले आले. पाणी साठवून साठवून प्रत्येकाच्या हौदात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ते औषध टाकून गेले आणि शेजारीण वासानं नाक धरून बसली. मी घरी येऊन डोणीत वाकून बघितलं. एक अळी नव्हती! हे वाकडे सगळ्या फस्त करत होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "नर वेगळे काढू. गल्लीत हौदाहौदात देऊ. माद्या आपल्याकडं. जोडी म्हणून कुणालाच द्यायची न्हाई."

शेजारणीच्या हौदात आठ दिवसांत परत अळ्या दिसल्या, तरी तिनं आधी तोंड वाकडं केलं. पूजेच्या पाण्यात मासळी? आत्याबाई तिच्यावर खेकसल्या, "विहिरीत माशे नसतेत व्हय? तेच पाणी पिंडीवर घालतो की आपुन." तिनं मुकाट्यानं भांडं पुढं केलं. चार दिवसांत हौद निवळला, तेव्हा गल्लीतली सगळीच भांडी घेऊन आली. नर पुरेनात.

आम्ही दोघी खुशीत होतो, आणि डोणीत परत पिल्लं दिसली. एकही नर नसताना! आम्हाला काय माहीत, ह्या माद्या एकदाच्या संगतीवर महिनोन् महिने वेत देतात. आत्याबाई म्हणाल्या, "आता काय करायचं गं?" करणार काय, वाट बघायची. पिल्लू रंग धरायला लागलं की नर ओळखायचा आणि उचलून कुणाच्या तरी हौदात नेऊन सोडायचा. मी रोज सकाळी जीव मुठीत धरून डोणीत बघायची. वेतं विरळ होत गेली, मग लहान झाली, आणि एका महिन्यात एकही पिल्लू दिसलं नाही. पुढच्याही महिन्यात नाही. आत्याबाई तरी गाळणी घेऊन बसायच्याच, खात्री पटेना त्यांना.

राहिलेल्या माद्या म्हाताऱ्या होऊन आपल्या मरणानं गेल्या. आमच्यात माणसाला मातीत ठेवतात. आत्याबाईंनी प्रत्येक मासोळी बेलाच्या झाडाखाली तशीच ठेवली, वर भस्माची चिमूट टाकून. शेवटची ठेवली त्या दिवशी मला वाटलं, आता ह्या रडणार. मी पदर सावरून जवळ उभी राहिले.

त्यांनी हात झटकले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि एवढा मोठा श्वास सोडला.

"झालं बाई. मारलं बी न्हाई, आन आता माझ्या हातानं कुणी वाकडं जन्माला बी येणार न्हाई."

त्या हसत होत्या. कितीतरी महिन्यांनी हसत होत्या, आणि रडायला आलं ते मला.