खिळे थोडे, मजमून फार

मराठी साहित्याची सगळ्यात मोठी सेवा कुणी केली असं मला उद्या कुणी विचारलं, तर मी बेधडक माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांकडे बोट दाखवीन. त्यांनी आयुष्यात स्वतः एक ओळ लिहिली नाही. पण माझ्या हातून लिहून झालेली निदान दोनशे पानं त्यांनी छापू दिली नाहीत. ती पानं अजून माझ्या ट्रंकेत आहेत. अधूनमधून काढून वाचतो, म्हणूनच इतक्या छातीठोकपणे सांगतो.

अक्का त्यांना मामंजी म्हणायची, मी मामा म्हणायचो आणि ते मला, सुनेचा भाऊ म्हणून, 'पाव्हणं' म्हणायचे. पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी मला सेलूच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि खोली मिळेपर्यंत आठ दिवस म्हणून मी अक्काकडे उतरलो. ते आठ दिवस सहा वर्षं चालले, पण माझं 'पाव्हणं' काही सुटलं नाही. मामा उंचीला पाच फूट, अंगात कायम शाईचे डाग पडलेली बंडी, एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्या कानावर चिमटा. हा चिमटा छापखान्यातली बारीक अक्षरं उचलायचा, पण मामांनी त्याच्यावर सगळा संसार सोपवला होता. पोह्यातली मिरची चिमट्याने काढायची, लिंबातली बी चिमट्याने काढायची. एकदा तर दाराशी आलेल्या वसुली कारकुनाच्या खांद्यावरचा सुरवंट त्यांनी बोलता बोलता त्याच चिमट्याने उचलला, बाहेर टाकला आणि पुढच्या मिनिटाला तोच चिमटा माझ्या पोह्यांकडे वळवला. मी ताटली घेऊन माजघरात पळालो.

निजामाच्या राजवटीत त्यांचा शिळाछापखाना होता. दगडावर उर्दूत रसीदबुकं, जाहिराती, कचेरीचे कागद छापायचे. विलीनीकरण झालं, कचेऱ्या मराठीत बोलायला लागल्या आणि मामांचा दगड एका दिवसात पाटा-वरवंट्याच्या कामाचा उरला. मामा खचणारे नव्हते. सोलापूरकडे कुणाचा तरी छापखाना बंद पडत होता. तिथून त्यांनी पायाने चालवायचं जुनं ट्रेडल मशीन आणि शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, पोत्यांनी उचलून आणले. स्टेशनवरून बैलगाडीतून घरी आणताना एक पोतं फाटलं आणि मराठी भाषेतली बरीचशी जोडाक्षरं रस्त्यावर सांडली. स्टेशन ते गुजरी या रस्त्यावर आजही कुणी खणलं तर दोन-चार 'क्ष' सहज सापडतील.

घरी पोचले तेवढ्या खिळ्यांत मामांनी मराठी भाषेचा प्रपंच मांडला. 'क', 'म', 'र', 'ल' रगड. 'ष' बेतास बात. 'ज्ञ' दोन, त्यातल्या एकाचा पाय मोडका. उद्गारचिन्हं अकरा. एका वेळी जेमतेम चार पानं जुळायची. ती छापून झाली की खिळे सोडवायचे आणि पुढच्या चार पानांना लावायचे. हे सोडवायचं काम अक्काकडे. ती परातीत खिळे घेऊन तांदूळ निवडावे तशी बसायची. आमच्या घरी जेवताना दाताखाली खडा आला तर आधी तो काढून कोणतं अक्षर आहे ते बघायची रीत होती.

अशा माणसाच्या घरात मी लेखक व्हायचं ठरवलं होतं. माझी पहिली कथा मी मामांना दिली तेव्हा वाटलं होतं, ते डोळे मिटून, मान डोलवत ऐकतील. त्यांनी पेन्सिल काढली आणि अक्षरं मोजायला सुरुवात केली.

"मामा, गोष्ट कशी वाटली?"

"ते मागून. मजमून परवडतो का ते आधी बघू द्या." मजकुराला ते जुन्या उर्दू सवयीने मजमून म्हणायचे. पुढच्या पानावर ते थबकले. "पाव्हणं, हे 'चंद्रज्योत्स्नाप्लावित' काय हाय?"

"चांदण्यात न्हालेलं."

"मग तसंच लिवा की! 'चांदण्यात न्हालेलं' मी आत्ता जुळवून देतो. तुमचा हा शबुद जुळवायचा म्हणजे मला हैदराबादेहून माणूस आणावा लागतो."

मग त्यांनी पहिली दोन पानं शांतपणे काढून माझ्या हातात दिली आणि तिसऱ्यापासून वाचायला लागले. मी विचारलं, ही का परत? ते म्हणाले, "मशीनला शाई धरेपर्यंत पयले दहा-पाच कागद पुसट निघतात. ते कुणाला देत न्हाईत. लिवणाराचं बी तसंच हाय. ही दोन पानं तुमी शाई धरायलाव. गोष्ट हितून सुरू व्हायलीय." मी रागारागाने तिसरं पान वाचलं. गोष्ट खरोखरच तिथून सुरू होत होती. त्या रात्री मी जेवलो नाही. अक्काने एवढंच विचारलं, "शाई धरली का?"

मासिकांना कथा पाठवण्याचं सगळं शास्त्र मामांनीच मला शिकवलं. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. डावीकडे चार बोटं जागा सोडायची, कारण "संपादकाला बी हात असतो, त्याला कुठंतरी खुपसायला जागा पायजे." परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत ठेवायचं. मी संपादकांना तीन पानी पत्र लिहिलं होतं. त्यात त्यांच्या साहित्यसेवेला वंदन, माझ्या प्रतिभेची ओळख, मराठवाड्यावरच्या अन्यायाचा उल्लेख, सगळं होतं. मामांनी ते कापून दोन ओळींचं केलं: 'कथा पाठवली आहे. पत्ता मागे आहे.' वर म्हणाले, "अर्जात सलाम जास्ती झाले की साहेबाला शक येतो. निजामाच्या कचेरीत बी येत होता."

कथा परत यायच्याच. पोस्टमन पाकीट घेऊन आला की मी कोपऱ्यात तोंड लपवायचो आणि मामा अक्काला चहा ठेवायला सांगायचे. पोस्टमनला बसवायचे. "आली का? बरं झालं. पुण्याला जाऊन आली. पाव्हणं, तुमी पुणं पायलंय का? न्हाई ना? मग तुमच्यापरीस तुमची गोष्ट शाणी झाली." चहा होईपर्यंत नवं पाकीट तयार व्हायचं आणि त्याच पोस्टमनच्या हाती ती दुसऱ्या मासिकाकडे जायची. माझी एक कथा अशी नऊ वेळा हिंडली. दहाव्यांदा छापून आली तेव्हा सगळ्यात जास्त हिरमुसला तो पोस्टमन.

पुढे मी कादंबरी लिहिली. पानं चौसष्ट, नायिका प्रज्ञा. मामांनी ती छापायला घेतली. पहिली चार पानं जुळवायला बसले आणि मला बोलावणं आलं. माझ्या एका पानावर चौतीस उद्गारचिन्हं होती. "चार पानांत मिळून अकरा," मामा म्हणाले. "कुठं लावायची ते तुमचं तुमी ठरवा, मी मधी पडत न्हाई." मी ती सबंध दुपार उन्हात ओट्यावर बसून उद्गारचिन्हं वाटत होतो. शेवटी दोन शिल्लक राहिली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"आता ह्या प्रज्ञाबाईचं बघा," मामा म्हणाले. "एका पानावर एकोणीस डाव येती. माझ्यापाशी 'ज्ञ' दोन, त्यात एक लंगडा. दुसरं नाव घ्या."

"कोणतं?"

त्यांनी खिळ्यांच्या खणांवरून नजर फिरवली. "कमल घ्या. क, म, ल. पोत्यानं पडलेत."

माझ्या हातातून कागद पडले. चारठाण्याला, माझ्या गावी, आमच्या घरासमोर एक कमल राहत होती. देवळाच्या पायऱ्यांवर, आडावर, असे आम्ही सगळं मिळून पाच-सहा वेळा बोललो होतो. तिला मी कधी काही म्हणालो नव्हतो. जे म्हणायचं होतं त्याची चौसष्ट पानं झाली होती, आणि कुणाला कळू नये म्हणून तिचं नाव प्रज्ञा ठेवलं होतं. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कागद गोळा केले आणि "चालेल" म्हणालो.

अठ्ठेचाळीस पानांपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मामांनी शेवट वाचला आणि मशीन थांबवलं.

"ही कमल मेली का?"

"हो."

"कशानं?"

"विरहानं."

"म्हणजे ताप आला का?"

"नाही. विरहानंच."

मामांनी कानावरचा चिमटा काढला. "पाव्हणं, तालुक्यातली दुखवट्याची कार्डं मी छापतो. पटकीनं गेलेले हायत, विंचवानं गेलेले हायत, एक गडी भांडणात आडात पडलेला हाय. विरहाचं एक कार्ड अजून आलं न्हाई."

"कार्डावर कारण कुठं छापतात?"

"छापत न्हाईत, पण छापायला येणारा सांगतो की. घंटा घंटा बसतो."

मी चिडलो. हा शेवट म्हणजे कादंबरीचा प्राण आहे, असं म्हणालो. अक्षर बदलायचं नाही म्हणालो. मामा म्हणाले, "मी तिला मारणार न्हाई. मशीन माझं हाय." आमचं बोलणं बंद झालं. तेवढ्यात लग्नसराई लागली आणि छापखान्यातला झाडून सगळा 'श्री' आणि 'सौ' लग्नपत्रिकांना गेला. माझी कादंबरी अठ्ठेचाळिसाव्या पानावर लोंबकळत राहिली.

एका सकाळी मामांनी अबोला मोडून मला हाक मारली. "पाव्हणं, हे एवढं प्रूफ तपासा. तुमच्याच गावचं हाय."

मी कागद हातात घेतला. चारठाण्याची लग्नपत्रिका होती. मधल्या ओळीत कमलचं नाव होतं. त्यातल्या 'ल'चं टोक जरासं उडालेलं होतं. तो 'ल' मी ओळखत होतो. माझ्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर तोच होता. अक्काने आदल्याच दिवशी तो सोडवून खणात टाकला होता.

मी पत्रिका दोनदा वाचली. मुहूर्त, गाव, वडिलांचं नाव, सगळं तपासलं. "दुरुस्त आहे," म्हणालो. पण कागद हातातून सोडला नाही. मामा माझ्याकडे बघत होते. दारात परात घेऊन उभी असलेली अक्का जमिनीकडे बघत होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि माझी कमल कोण ते मामांना कळलं.

त्यांनी पत्रिका माझ्या हातातून हळूच काढून घेतली. मग म्हणाले, "लग्नाला जा."

"मला नाही जमायचं."

"जा. जेवा. तिथं कोण मरायलंय का, तेवढं बघून या."

मी गेलो. मांडवात उकडत होतं, वाजंत्री बेसूर होती आणि कमल मुंडावळ्या सावरत धाकट्या भावाला सदऱ्यावर वरण सांडलं म्हणून रागे भरत होती. मला बघून तिने हाक मारली. "मास्तर, जेवलात का? तुमची गोष्ट छापायलेत म्हणं सेलूला?"

"होत आलीय."

"मला एक धाडा. पण रडकी असली तर नगं." आणि ती हसली. मग कुणी तरी तिला बोलावलं आणि ती गेली. मी जेवलो. दोन वेळा बुंदी घेतली. कुणी मरत नव्हतं, मीसुद्धा नाही, हे लक्षात आल्यावर मला जरा लाजच वाटली.

परत येऊन मी शेवट पुन्हा लिहिला. कमल सासरच्या गावी गाडीतून उतरते, उन्हाने तिला तहान लागलेली असते, ती पहिल्याच दारात पाणी मागते, आणि पाणी देणारी म्हातारी तिला विचारते, कुणाची गं तू? एवढंच. मामांनी ते उभ्या उभ्या जुळवायला घेतलं. एकदाही माझ्याकडे मान वळवली नाही. शेवटचा खिळा बसवून म्हणाले, "ह्यात मला कायबी कमी पडलं न्हाई." मला आजवर मिळालेल्या अभिप्रायांत हा सगळ्यात मोठा. पुस्तक बांधून झाल्यावर मामांनीच मला ताडकळसच्या बाजारात दोरखंडवाल्याशेजारी बसवलं. ते मोठ्याने बारा पानं वाचायचे आणि नेमके अडचणीच्या जागी चष्मा पुसायला लागायचे. लोक "फुडं?" म्हणायचे. "फुडं पुस्तकात हाय," मामा म्हणायचे. एक प्रत मी चारठाण्याला पाठवली.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास माझी औरंगाबादला बदली झाली. पुढे पुण्याच्या एका प्रकाशकाने माझी जाडजूड कादंबरी काढली. ती घेऊन मी सेलूला गेलो. मामांचे डोळे गेले होते. बाजेवर बसून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पानांवरून अंगठा फिरवला, वजन बघितलं आणि परत माझ्याकडे दिलं. "वाचा, पाव्हणं."

मी वाचायला लागलो. चांगलं चाललं होतं. विसाव्या पानाच्या पुढे पावसाचं एक वर्णन होतं. टीकाकारांना ते फार आवडलं होतं. तिथे आलो आणि काय झालं कुणास ठाऊक, माझी जीभ आपोआप ते ओलांडून पुढे गेली.

"पान लवकर उलटलं," मामा म्हणाले.

"हो."

"किती गाळलं?"

"दीड पान."

"वाचा की तेबी. कष्टानं लिवलं असंल."

मी मागे जाऊन ते दीड पान वाचलं. मामांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग चाचपडत माझा गुडघा शोधून त्याच्यावर हात ठेवला.

"गाळलं तेच बरं हुतं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं इतके हसलो की अक्का स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आली.

त्याच हिवाळ्यात मामा गेल्याचं अक्काचं कार्ड आलं. पुढे कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी ते दीड पान काढून टाकलं. प्रकाशकाच्या लक्षात आलं नाही, टीकाकारांच्याही आलं नाही. ज्यांना मला ते सांगायचं होतं, ते मात्र सेलूला नव्हते.