आमच्या ले-आउटमधला बिबट

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, आणि ऐकणाऱ्याला फुशारकी वाटली तर वाटू देते. बी.एस्सी. झाले ती झूलॉजी घेऊन. निकाल सांगायला गावी गेले, तेव्हा मोठे काका अंगणात तेंदूपानांचे पुडे बांधत बसले होते. झूलॉजी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. प्राण्यांचा अभ्यास, मी सांगितलं. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "जनावर पाहाले तू कॉलेजात गेली होती? इथी का कमी होते?"

गाव जंगलाला लागून. काकांचं चुकलं असं म्हणायची सोय नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं माझ्या डिग्रीचा कोणाला काही उपयोग झाला नाही. आरमोरीत एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेत लागले आणि बरण्यांतल्या बेडकांवरची धूळ पुसत राहिले. डिग्रीला खरं काम मिळालं ते मांजरांमुळं, तेही एकाच शनिवारी. पण आधी मांजरांचं सांगते.

आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, मागं एक बंद पडलेली राइस मिल आहे. मिल बंद झाली तरी उंदरांना कोणी कळवलं नाही. उंदीर राहिले म्हणून मांजरं राहिली, आणि उंदीर संपल्यावर मांजरांनी माझी भिंत शोधून काढली. मी ताटली वाजवली की मिलच्या छपराच्या टिनांवरून एकेक उतरायची. बाजाराच्या दिवशी मासोळीवाली बाई त्यांच्यासाठी मुंडकी वेगळी काढून ठेवायची आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोठ्यानं सांगायची की मॅडमच्या लेकरांचं बाजूला ठेवलं आहे. नवीन माणसं माझ्याकडं दयेनं बघायची.

ही मांडीवर बसणारी मांजरं नव्हती. हात पुढं केला तर हातच खातील अशी. मी एकीलाही नाव दिलं नाही, आणि त्यांनीही मला काही दिलं नाही. आमचं बरं चाललं होतं. फक्त दर पावसाळ्यानंतर ती दुप्पट व्हायची. म्हणून मी सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले की ते गाई-बैलांचे डॉक्टर आहेत, मांजर म्हणजे त्यांच्या हातात मावणारा पेशंट, तो दिसतसुद्धा नाही. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात परत जाऊन बसले. माणूस हट्टी आहे हे कळलं की डॉक्टर लोक लवकर शहाणे होतात. मग मी टमाट्याच्या कॅरेटवर दुसरं कॅरेट बांधून, स्कुटीवर एकेक मांजर न्यायला लागले. डॉक्टर मान वर न करता रोज एकच प्रश्न विचारायचे, "आज काय आणलं?" आणि ऑपरेशन झालेल्या मांजराच्या कानाचं टोक खुणेला कापून परत द्यायचे.

सगळी हाती लागली, एक सोडून. राखी अंगाची, पाठीवर ठिपके, डोळे पिवळे. तिचा बाप जंगलातला असावा असा मला संशय होता. मासोळीचं मुंडकं कॅरेटच्या आत ठेवलं तर ती कॅरेटच उलटं करून मुंडकं न्यायची. तिचे दोन्ही कान तोवर साबूत होते.

आता शेजारचे भाऊ. सिंचन विभागातून रिटायर झालेले, ले-आउटच्या समितीचे अध्यक्ष. मांजरांनी त्यांच्या कुरड्यांवर झोप काढली होती, शेवंतीच्या वाफ्यात सगळे विधी उरकले होते, आणि एकदा पाहुण्यांसाठी तळलेली मासोळी पाहुण्यांच्या आधी खाल्ली होती. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण त्या हिवाळ्यात त्यांनी समितीत ठरवून टाकलं की रविवारी सकाळी पिकअप बोलवायची, सगळी मांजरं पोत्यात भरायची आणि गडचिरोली रोडवर जंगलात नेऊन सोडायची. मी विरोध केला तर म्हणाले, "काऊन मॅडम? जंगलात खातीन, पितीन, मोकळे राहतीन. तुम्हीच त जंगलाच्या आहा."

जंगलाची आहे म्हणूनच मला माहीत होतं. मिलच्या टिनावर वाढलेलं मांजर तिथं दुसरी सकाळ पाहत नाही. शिवाय ठिपकेवाली नुकतीच व्याली होती. पिल्लं माझ्या न्हाणीघरामागच्या सरपणात होती, आणि आई पोत्यात गेली की पिल्लांचं काय होतं हे कळायला झूलॉजी लागत नाही. मी घरोघर फिरले. लोक चहा पाजत, मान हलवत, आणि भाऊंनी ठरवलं म्हणजे आता काय, असं म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी पाहते तर सरपणातून पिल्लंही गायब. आईनं कुठंतरी हलवली होती. मला वाटलं, तिनंही आरमोरी सोडायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी भाऊ ओरडत आले.

त्यांच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे. मालक शेतकरी, मळणी झाली की धानाचं तणस, म्हणजे पेंढा, तिथं रचून ठेवतो. भाऊ देवाला फुलं तोडत होते, तेव्हा तणसातून फिस्स असा आवाज आला, काहीतरी राखी ठिपक्यांचं त्यांच्या पायाजवळून सुटलं आणि मागं तणसाच्या खोपीत ठिपक्यांची पिल्लं दिसली. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस मांजरीची पिल्लं म्हणून पुढं गेला असता. आमच्याकडं माणसाला मांजर दिसायच्या आधी बिबट दिसतो. त्यात भाऊंचा इलाज नव्हता. काही वर्षांमागं बिबट्यानं याच गल्लीतून कुत्रं उचललं होतं.

पुढचंही आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ आहे. धान कापताना बिबट्याची पिल्लं सापडली की हात लावायचा नाही, लोक दूर करायचे, वनविभागाला सांगायचं आणि आई न्यायला येईपर्यंत गप बसायचं. भाऊंनी फोन लावला. वनरक्षक बाई दूरच्या गावी वाघाच्या मागं होती. तिनं हेच सगळं परत सांगितलं आणि उद्या सकाळी येते म्हणाली. भाऊंनी मग असा कारभार हातात घेतला की सिंचन विभागाला त्यांची उणीव भासली असेल. रस्त्यावर दोरी बांधली. गाड्या बंद, टीव्ही हळू, पोरं घरात. आणि उद्याची पिकअप त्यांनी स्वतः फोन करून रद्द केली, गाडीच्या आवाजानं आई बिचकेल म्हणून.

मग ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही झूलॉजीच्या. लांबून पाहून सांगा बरं."

अख्खं ले-आउट माझ्याकडं बघत होतं. मी दोरीपाशी गेले, वाकून पाहिलं. सरपणातली माझीच पिल्लं. त्यातल्या एकानं मला ओळखून जांभई दिली.

मी परत आले आणि प्रयोगशाळेतला आवाज काढून म्हणाले, "डोळे उघडून फार दिवस झाले नाहीत. दुधावर आहेत. माणसाचा वास लागू देऊ नका. आई जवळपासच आहे, ती येणार म्हणजे येणार."

यातला कोणता शब्द खोटा होता, ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. बिबट आहे का, असं कोणी विचारलंच नाही. लोकांनी माना डोलावल्या. एक जण दुसऱ्याला म्हणाला की शिकलेल्या माणसाचं वेगळंच असते. काका, ऐकलंत ना गावी बसून?

दुपार कलली तसं सगळं ले-आउट घरांच्या स्लॅबवर चढलं. भाऊंच्या आणि माझ्या स्लॅबमध्ये एक हाताची भिंत; आम्ही शेजारी शेजारी उभे. उन्हं पिवळी झाली आणि मिलच्या बाजूनं आई आली. भिंतीवर बसली, पाय चाटला, गल्लीभर एकदा पाहिलं आणि दोरीखालून तणसाकडं निघाली.

भाऊंचा जीव वरखाली झाला. "अवो मॅडम, हे तुमचं मांजर तिकडं कुठी मराले चाललं? हाका मारा न. बिबट येऊन राह्यलं असन, खाऊन टाकन तिले."

पोत्यात भरून जंगलात सोडायला निघालेला माणूस हे म्हणत होता. मी म्हटलं, "खातीन, पितीन, भाऊ."

ती तणसात शिरली. भाऊंनी माझ्या भिंतीची कड घट्ट धरली. मग ती बाहेर आली, तोंडात मानेला धरलेलं एक पिल्लू. दोरीखालून परत निघाली, भाऊंचं फाटक ओलांडलं, वरांड्यात गेली. तिथं त्यांचा कूलर हिवाळ्यापुरता कापडानं झाकून ठेवला होता. कापडाखालून ती आत शिरली, रिकाम्या तोंडानं बाहेर आली, आणि दुसरं न्यायला गेली. घाई नव्हतीच तिला. सगळं ले-आउट, स्लॅबवरून, एकेक पिल्लू जाताना पाहत होतं. बिबट्याच्या भीतीनं जेवढी शांतता नव्हती तेवढी तेव्हा पडली.

शेवटचं पिल्लू आत गेल्यावर खालून भाऊंच्या बायकोचा आवाज आला, "अजी, बिबट आपल्या कूलरमधी राहाले आलं. चहा ठेवू का तिच्यासाठी?"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं पाहिलं.

रविवारी सकाळी वनरक्षक बाई आली. पिल्लं कुठी आहेत, तिनं विचारलं. सगळी गल्ली जमलेली. भाऊ ताठ उभे राहून म्हणाले, "आई घेऊन गेली." बाईनं रिकामी खोप पाहिली, दोरी पाहिली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली की इतक्या शिस्तीनं वागलेली वस्ती तिनं पाहिली नाही, लोकांनी असंच वागावं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात कूलरमधून बारीकसं म्याव आलं. बाईनं कापडाकडं पाहिलं, भाऊंकडं पाहिलं, आणि गाडीला किक मारली.

पिकअप परत कधी बोलावली गेली नाही. बोलवायची तर समितीत मांजर हा शब्द काढावा लागला असता, आणि तो भाऊंच्या तोंडून तेव्हापासून निघेना. माझी मांजरं मिलवर राहिली. भाऊंच्या वरांड्यातल्या मंडळींना ते "आतले" म्हणत. आतल्यांना दूध दिलं का, असं बायकोला विचारत. उन्हाळा आला तरी कूलर लावला नाही. पंख्याखाली घाम पुसत बसले.

पिल्लं मोठी होऊन मिलच्या टिनावर गेली, तसं एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. बघते तर त्यांच्या दोन हातांत भाजीची टोपली, आणि तीत ठिपकेवाली, अंग सैल सोडून. मला इतक्या वर्षांत जिनं नख लागू दिलं नाही ती. म्हणाले, "चला, हिचं ऑपरेशन उरकून टाकू. मले कूलर लावाचा आहे."

स्कुटी मी चालवली, टोपली त्यांनी मांडीवर धरली. दवाखान्यात डॉक्टर नेहमीसारखे मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

"आज काय आणलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊंनी टोपलीवरचं फडकं नीट केलं.

"बिबट," ते म्हणाले.

"टेबलावर ठेवा," डॉक्टर म्हणाले.