हळदीच्या गोदामातली पाल

गोदामात धूळ साचते तसे किस्से साचतात. कुणी आणून टाकत नाही, आणि झाडले तरी कोपऱ्यात उरतात. आमच्या गोदामातले बरेचसे किस्से शेषरावचे, म्हणजे त्याच्या पालीचे. तो होता तोवर सांगून हसायचो. पुढे तो काविळीनं गेला. मी तिथला मुकादम, म्हणून लोक मलाच विचारतात. सांगतो. हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

*

हिंगोलीच्या बाजारात आमचं हळद पॉलिश करायचं गोदाम होतं. लोखंडी ढोलात वाळलेली हळद भरायची आणि दोघांनी दांडा फिरवायचा. साल निघते, धूळ उडते. संध्याकाळी सगळे सारखेच पिवळे. केस, पापण्या, नखं, सगळं.

शेषराव दांड्यावरचा. त्याची बायको वारलेली, लेकरू नव्हतं. भिंतीवरच्या दिव्यामागे एक पाल राहायची, तिला त्यानं माणसाळवलं. काडीच्या टोकावर पतंग धरायचा, ती येऊन गट्ट करायची. धूळ बसून तीही पिवळी दिसू लागली.

त्याचा जोडीदार गफूर दांडा सोडून ओरडला, "शेषराव, छोकरी को हल्दी लग गई! आता नवरा बघ!"

शेषराव म्हणाला, "आदी तिला पोटभर जेवू दे. उपाशी नवरी कोन पसंत करंल?"

*

रंगावरून तो तिची तब्येत सांगायचा. पोट भरलेलं असलं की पाल फिकट, नितळ, शेपूट जाड. उपाशी किंवा आजारी असली की काळपट.

एक दिवस ती ना फिकट ना काळपट, पांढरीफटक दिसली. शेषरावनं ढोल थांबवला.

"मुकादम, आज सुट्टी द्या. पोरगी बीमार हाय."

"माणसाला ताप आला तरी मी सुट्टी देत नाही," मी म्हणालो.

दुपारी पालीनं अंगावरची कात तोंडानं ओढून काढली आणि खाऊन टाकली. आतून नवी कोरी पाल निघाली.

शेषराव हात जोडून म्हणाला, "बरं झालं मुकादम, तुमी दिली न्हाई. सुट्टी फुकट गेली असती!"

*

दुष्काळात हळद आलीच नाही. ढोल बंद पडला. आम्ही सगळे सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. तिथं खायला सुकडी मिळायची. शेषराव आपल्या वाट्यातली थोडी धोतराच्या सोग्यात बांधून गोदामात आणायचा, पाण्यात कालवून भिंतीला थापायचा. त्यावर माशा बसायच्या आणि पाल माशा खायची. काळी पडलेली पाल पुन्हा फिकट झाली. शेषरावच्या गालांची हाडं वर आली.

गफूर भडकला. "अरे, लोकं सुकडीसाठी भांडून राहिले, अन् तू माशांना जेवू घालून राहिला?"

"माशांना काहून घालीन, गफूरभाई?" शेषराव म्हणाला. "माशा तर तिचं कालवण हाय."

*

पुढे हळद आली, ढोल सुरू झाला. पण शेषरावचं जेवण तुटलं. भाकरी पाहिली की मळमळतं म्हणायचा. डबा उघडून गफूरपुढे सरकवायचा. दांडा फिरवताना मधेच खाली बसायचा.

"मुकादम," एकदा तो म्हणाला, "लघवी लई पिवळी होऊन राहिली."

सगळं गोदाम हसलं. गफूर म्हणाला, "हळदीच्या गोदामात काय निळी होईल?"

शेषरावही हसला.

*

त्याच आठवड्यात वसमतचा एक व्यापारी माल बघायला आला. पोत्यातून मूठभर हळद काढली, वास घेतला, भावावरून नाक मुरडलं. परत निघाला तेवढ्यात शेषराव दारातून आत आला. व्यापारी थांबला. त्याच्याकडे खालवर बघत राहिला.

"माणसावर एवढा रंग चढतो म्हणजे माल अस्सल आहे," तो म्हणाला.

सौदा झाला. गोदामाच्या शेठनं सगळ्यांना चहा पाजला. एकट्या शेषरावनं घेतला नाही.

*

शेवटी त्याला पोतं उचलवेना. मी त्याला एसटीत बसवून पुसेगावला त्याच्या बहिणीकडे पाठवलं. बाजार बंद होता त्या दिवशी गफूर आणि मी भेटायला गेलो. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलो होतो.

शेषराव अंगणात खाटेवर पडला होता. अंग ओलं होतं, बाजूला ऊन पाण्याची बादली होती. आम्हाला बघून त्यानं मान उचलली.

"मुकादम, तिचा रंग कसा हाय?"

"फिकट," मी म्हणालो. "शेपूट जाड."

"मंग खानं अंगी लागून राहिलं," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

त्याची बहीण गंगूबाई पदरानं हात पुशीत आली. दगडानं घासून घासून तिनं भावाची पाठ लाल केली होती. लालीच्या कडेनं तोच पिवळा रंग होता. तिनं गफूरचे हात पाहिले, मग माझे पाहिले.

"आल्यापासून रोज घासून राहिले, भाऊ. दादाची हळद काही निघंना," ती म्हणाली. "तुमची तर समदी निघाली. तुमी कोन्ता साबन लावता?"