बिशपची खुर्ची

शेजारचे काका वसईचे, हाडाचे सुतार. ऑन्टारिओतल्या आमच्या गावाला कौन्सिलने ठराव करून ‘सिटी’ केलं, तेव्हा ते उसळले, "हात वर करून शहर होतं काय रे? बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल, नि कॅथेड्रल असतं ते शहर!"

आणि यंदा आमचं चर्च खरंच कॅथेड्रल होणार असं ठरलं. खुर्चीचं काम काकांकडेच आलं! ती तयार झाली तेव्हा मी धावतच त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. स्वतः बसून बघितल्याशिवाय ते कुठलीच खुर्ची देत नाहीत. या खुर्चीपुढे मात्र थबकले. मग क्रुसाची खूण केली, डोळे मिटले आणि बसले. खुर्ची जराही हलली नाही.

"फोन कर त्या कौन्सिलला," काका ओरडले, "आता लावा म्हणावं ‘सिटी’ची पाटी!"