तार टिकली, हाड चिरलं

शुद्धीत असतानाच्या शेवटच्या भेटीत शिवाजीअण्णांनी माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि ते खोकले. तळहाताखाली हाडाचे दोन भाग एकमेकांवर सरकले... कट्. "कळलं न्हवं?" ते म्हणाले. "तुला कळतंय, मला कळतंय. डॉक्टरांनाच तेवढं न्हाय."

येळ्ळूरचे अण्णा बेळगावच्या आमच्या पॉलिटेक्निकात प्रयोगशाळा सांभाळायचे. मी शेजारी गणित शिकवायचो. सळ्या, साखळ्या, तारा यंत्रात लावून त्या किती ओढ सोसतात ते पाहायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीआधी एक तरुण डॉक्टरबाई नकली हाडं घेऊन आल्या होत्या. हृदयाच्या ऑपरेशनसाठी छातीचं हाड मधोमध कापतात, ते परत बांधायच्या तारा आणि धातूच्या पट्ट्याही सोबत होत्या. त्या दिवशी अण्णा जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "गंमत बघ रं, तार तुटतच न्हाय. हाड मऊ असलं की तारच त्याला चिरत जाती. पट्टी ओढ वाटून घेती."

गेल्या वर्षी त्यांचीच बायपास ठरली. मधुमेह जुना, हाडं ठिसूळ. आदल्या दिवशी सर्जन आले तेव्हा वहिनी डबा आणायला गेल्या होत्या. अण्णा म्हणाले, "साहेब, माझं हाड मऊ हाय. नुसत्या तारेवर..." सर्जननी घड्याळ पाहिलं. मला संकोच वाटला. मीच म्हणालो, "अण्णा, राहू द्या हो. त्यांचं काम त्यांना कळतं." कुणापुढं न थांबणारा तो माणूस माझ्या शब्दाखातर गप्प बसला.

तारा घातल्या. महिन्याभरात छाती वाजू लागली. त्यांच्या मुलानं दोनदा तपासणीला नेलं. दोन्ही वेळा "खोकला थांबला की बसेल" एवढं ऐकून ते परत आले. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा जखमेतून पू येत होता. पुन्हा उघडलं, तर तारा शाबूत, हाड चिरलेलं. आता पट्ट्या बसवू म्हणाले... पण जंतू रक्तात पोचले होते.

पट्टी असती तर अण्णा वाचलेच असते, असं मला म्हणता येत नाही. ते स्वतःच ओरडले असते, "मोजल्याबिगर बोलू नको!" पण मोजून बसलेल्या माणसाचं एक वाक्य कुणी पुरं ऐकून घेतलं नाही, ही चीड जात नाही.

अण्णांना जाऊन महिना झाला. परवा येळ्ळूरला गेलो, तेव्हा वहिनींनी चहा पुढं ठेवत विचारलं, "भावजी, ह्यास्नी एवढं ठावं हुतं, तर डॉक्टरांना आधी सांगितलं का न्हाय वो?"

मी चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिलो.