पंगत अडवणाऱ्या विहीणबाई

या जगात कुणालाही आपल्या अंगावरची गोष्ट दुसऱ्यावर ढकलून मोकळं होता येतं. फक्त त्या वेळी आमच्या विहीणबाई आसपास असता कामा नयेत. विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाच्या मातोश्री. त्यामुळे नात्यानं मी त्यांच्यापुढे जन्माची मुलीकडची. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि डहाणूत मुलाकडे राहायला आल्या. उंची बेताची, आवाज मात्र खाडीपलीकडे पोचणारा. काखेत बाराही महिने छत्री. पावसात ती क्वचितच उघडायची, कारण तिचं खरं काम समोरच्याकडे रोखण्याचं. आयुष्यात त्यांनी एकच कायदा पाळला आणि इतरांना पाळायला लावला: "ज्याच्या नावानं वस्तू दारात आली, त्यानं उत्तर द्यायचं."

वाणगावच्या बाजारातून आणलेली वांगी एकदा किडकी निघाली. दुसऱ्या कुणी नशिबाला बोल लावून ती फेकून दिली असती. विहीणबाई ती पिशवी घेऊन परत वाणगावला गेल्या. भाजीवाली म्हणाली, "आजी, मी काय करू? शेतकऱ्यानं दिली तशी मी इकली." त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "किडा त्याच्या शेतात पडला असेल, पण माझ्या पिशवीत तू घातलास. तू त्याच्याशी भांड, मी तुझ्याशी भांडते." दोघी इतक्या मनापासून भांडल्या, की पुढे तीच बाई त्यांना वांगी चिरून दाखवून मग तोलू लागली.

हा कायदा माझ्यावरही चालला. लेकीच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, तोच फोन. "विहीणबाई, आज आमटी खारट झालीये." मी म्हटलं, "अहो, मग तिला सांगा." "तिला काय सांगायचं? हात तिचा, पण आली तुमच्या नावानं!" मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, कांजीचं कडक पातळ नेसणारी, आणि आपल्याला टोमणा मारता येतो अशी दांडगी समजूत असलेली. तशीच रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. वाटेत तीन टोमणे घोकले. तिथे त्यांनी आमटीची वाटी माझ्यापुढे ठेवली. एक घोट घेतला आणि तिन्ही टोमणे आमटीबरोबर पोटात गेले. घरी येऊन यजमानांना मात्र सांगितलं, "चांगली सुनावून आले!"

दोन हजार पंधराच्या सुमाराला त्यांनी मसोलीच्या बाजूला उभ्या राहत असलेल्या एका इमारतीत स्वतःसाठी छोटासा फ्लॅट नोंदवला. इतर लोक ताबा मिळाल्यावर घर बघतात. या पहिल्या विटेपासून बघायला जायच्या. सोबतीला मी. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण सिमेंटच्या गोणीवर टिचकी मारून "हं, बरं आहे" म्हणायला मी शिकले होते, आणि तेवढ्यावर स्वतःला अर्धी इंजिनिअर समजत होते.

तिथेच एका सकाळी डोक्यावर घमेलं घेऊन फळीवरून चढणारी एक बाई मध्येच डगमगली आणि खाली बसली. घमेलं गडगडत गेलं. विहीणबाई धावल्या आणि जवळ जाऊन एकदम थबकल्या. "रखमी? झरीची?" ती त्यांच्याच वसतिगृहातली मुलगी. आता तिचीच मुलगी शेजारी वाळूच्या ढिगावर खेळत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर रखमीनं ओठ ओले केले आणि परत दिली.

"पी की नीट!" विहीणबाई ओरडल्या.

"नको बाई. पाणी पिलं की जावं लागतं. जायला जागा नाय. इथल्या आम्ही सगळ्या बाया घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाय."

 इतक्यात मुकादम आला आणि रखमीला म्हणाला, "उद्यापासून येऊ नको. चक्कर येणारी माणसं नको आपल्याला." झरीहून रोज एवढ्या लांब येऊन मिळवलेलं काम असं एका वाक्यात गेलं. मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, संडास बांधणं ठेकेदाराचं काम. ठेकेदार फोनवर म्हणाला, जागा शेठची, मी कुठे बांधू? मग विहीणबाईंनी शेठचं ऑफिस गाठलं. शेठ माणूस गोड. चहा मागवला आणि म्हणाला, "मासी, तुमचं घर फर्स्ट क्लास होणार. पण लेबर माझं नाही हो. मी काम उक्तं देऊन टाकलंय. ठेकेदार जाणे, त्याची माणसं जाणोत."

"पाटीवर नाव कुणाचं?"

"माझं."

"मग ठेकेदार कुणाच्या नावानं आला?"

शेठनं हसून बिस्किटांची बशी पुढे सरकवली. विहीणबाईंनी चहाला हात लावला नाही. मी लावला. बिस्किटंही खाल्ली. कुणीतरी खायला हवीच होती.

त्याच आठवड्यात शेवटचा स्लॅब भरून झाला. त्या आनंदात शेठनं मांडव घालून फ्लॅट घेणाऱ्यांना जेवायला बोलावलं. कामगारही एका कडेला बसले होते, विहीणबाईंच्या निरोपावरून रखमीही आली होती. पानं वाढून झाली. आणि विहीणबाई हाताची घडी घालून बसल्या. "मी जेवत नाही." लग्नात मुलाची आई रुसली की पंगत जशी खोळंबते, तशी ती खोळंबली. बोलावलेल्या पाहुण्यांत सगळ्यांत वडील बाई त्याच. त्यांनी घास घेतल्याशिवाय कोण सुरुवात करणार? शेठ येऊन हात जोडून गेला, ठेकेदार येऊन गेला. माझं निम्मं लक्ष टम्म फुगलेल्या पुरीकडे. हळूच एक भजी उचलली, तर छत्रीचं टोक माझ्या पावलावर येऊन टेकलं. भजी परत पानात गेली.

शेवटी पहिल्या रांगेत बसलेल्या शेठच्या वृद्ध आई, सगळे त्यांना बा म्हणत, काठी टेकत आल्या. "केम बेन, जेवत का नाही?"

"बा, हा मुलगा तुमच्या नावानं जगात आला ना? मग तुम्हालाच विचारते. याच्या इमारतीत माझ्या घराला दोन संडास आहेत. ते बांधणाऱ्या बायकांना एकही नाही. त्या पाणी पीत नाहीत. ही मुलगी त्यापायी चक्कर येऊन पडली, तर हिला काढून टाकलं."

बांनी रखमीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "तो ए बधी क्यां जाय छे?" मुलगा चपलेकडे बघू लागला. बा म्हणाल्या, "चल. त्या सगळ्या जिथे जातात ती जागा मला दाखव."  शेठ एवढासा झाला. इमारतीमागच्या झुडपांकडे आईला न्यायची पाळी येऊ नये म्हणून तो तिथेच, ठेकेदार आणि मुकादमाच्या देखत बोलला, "उद्या काम सुरू होईल. रखमीही कामावर राहील. इथल्या माणसांचं काहीही असलं तरी विचारायचं मला."

विहीणबाईंनी पुरी मोडली. मी तोवर दोन संपवल्या होत्या.

"विचारायचं मला" हे वाक्य शेठला फार महाग पडलं. संडासाला आतून कडी बसली की नाही, पाण्याचं पिंप भरलं की नाही, पोरांना सावली केली की नाही, याचे फोन त्याला सकाळच्या चहाआधी जात. पण त्यानं केलं सगळं. ठेकेदारानं कुरकुर केली, तर म्हणे, "ते मासीला समजाव, मग माझ्याकडे ये."

ताबा मिळाला तेव्हा वास्तुशांतीला विहीणबाईंनी त्या सगळ्या बायकांना निरोप धाडला. टोळी पांगली होती. एकटी रखमी आली, मुलीला घेऊन. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून तिनं हात फिरवला, पोटभर जेवली. विहीणबाईंनी विचारलं, "हल्ली कुठे आहेस?"

"वाणगावच्या अंगाला. नवीन बिल्डिंग आहे."

"तिथे सोय आहे ना?"

रखमी हसली आणि मुलीच्या केसांतली वाळू झटकू लागली.

"शेठ कोण तिथला?"

"ते काय ठाऊक, बाई? आम्हाला मुकादम ठाऊक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टमटममध्ये घातलं. गुडघे दोघींचेही कुरकुरत होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि छत्री आता रोखायला कमी, टेकायला जास्त लागत होती. वाणगावच्या त्या नव्या इमारतीच्या फाटकाशी पत्र्यावर मोठी पाटी होती. त्या बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "मला अक्षरं लागत नाहीत हो. तुम्ही वाचा, कुणाचं नाव आहे?"

मी वाचलं.

"अजून मोठ्यानं वाचा, विहीणबाई. आतपर्यंत जाऊ दे."