माझ्या लग्नातला नंदीबैल

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी फाल्गुनात माझं लग्न पैनगंगेपलीकडच्या एका गावात गोरज मुहूर्तावर लागायचं होतं. सूर्य टेकला तेव्हा मी गावच्या बंद वेशीबाहेर ठिगळांच्या अंगरख्यात उभा होतो आणि तटावरच्या बंदुका माझ्यावर रोखलेल्या होत्या.

मुहूर्त चुकला तर पुढचा वर्षभर नाही, असं भटजींनी बजावलं होतं. मुलीला हिंगोलीकडचं दुसरं स्थळ तयार होतं.

पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे मोगलाई. तिकडे हत्यारबंद टोळ्या लग्नाची वऱ्हाडं वाटेत गाठून लुटत. आम्ही दर्यापूरकडचे. जाताना अकोल्याला मुक्काम पडला तेव्हा काकांनी बाजारातल्या अडत्याला विचारलं, तिकडे सुखरूप जायचं कसं?

"गरीब दिसा," तो म्हणाला. "कापूसवाला दिसला का त्याले कोनी सोडत नाई."

काकांनी हे मनावर घेतलं. दागिने, माझा फेटा, जरीचं उपरणं, सगळं सरकीच्या पोत्यात गेलं. माझ्या अंगावर ठिगळं चढली.

"याचे कपडे काहून बदलता?" माय म्हणाली. "हा तसाबी गरीबच दिसते."

राहिले बैल. अमरावतीला कापूस विकून काकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या (माझ्या अंगठीचं पुढच्या हंगामात पाहू, असं ठरलं होतं). शेंब्यांवर शेण फासलं. घुंगरमाळा उतरवल्या, आणि दोन्ही बैल तिथेच बसले. घुंगरांशिवाय चालायची त्यांना सवय नव्हती. ती खोड काकांनीच लावली होती. शेपट्या पिरगाळून झाल्या, गूळ दाखवून झाला. माळा परत घातल्या तसे उठले.

"आता?" बाबांनी विचारलं. "फाटक्या मानसाचे बैल नवरीवानी सजलेले कोनी पाह्यले?"

"नंदीवाल्याचे," काका म्हणाले.

अशा रीतीने आम्ही नंदीवाले झालो. छकडा नदीअलीकडे सोडला, बाबांच्या गळ्यात ढोलकं आलं आणि राजा नावाच्या बैलाचा कासरा माझ्या हाती. खऱ्या नंदीवाल्याचा बैल वर्षानुवर्षं शिकलेला असतो, विचारल्याबरोबर मान डोलावतो. आमचा राजा औतापलीकडे काही शिकला नव्हता.

वाटेत एक टोळी भेटलीही. म्होरक्याने घोडा थांबवला, आम्हाला नीट न्याहाळलं, बाबांच्या ओंजळीत पसाभर ज्वारी टाकली आणि पुढे गेला. काका दिवसभर फुगून चालले.

त्याच टोळीच्या धास्तीने मुलीच्या गावाने वेस लावून घेतली होती.

"कोन हाये?" तटावरून जागल्याने विचारलं.

"लग्नाची मंडळी. नवरदेव घेऊन आलो," काका म्हणाले.

"कोन्ता नवरदेव?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तटावर कुणीतरी हसलं.

"आमी नंदीवाल्याचं सोंग घेतलं बावा," बाबा म्हणाले. "लुटारूच्या भेवानं."

"लुटारूबी सोंगच घेतात. नंदीवाले बनले त नंदीलेच इचारा. गावावर दरोडा पडते का आज?"

"इचार लवकर," काकांनी मला ढोसलं. "मुहूर्त चालला."

मी विचारलं. तेवढ्यात राजाच्या कानावर गोमाशी बसली. त्याने मान खालीवर हलवली. मग पुन्हा, जास्त जोराने.

बंदुका रोखल्या गेल्या त्या इथे.

"गोमाशी होती," मी म्हणालो. तटावर ते कुणाला पटलं नाही.

शेवटी मुलीच्या बापाला बोलावलं. काकांनी मला पुढे ढकललं.

"वळखलं का, सोयरे?"

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "नाई."

"तुमी आमच्या घरी आले होते, मामा. म्याच पानी आनून देलं होतं."

"पानी कोनीबी देते."

(त्यांचं खरं होतं. स्थळ पाहायला आले तेव्हा ते सगळा वेळ गोठ्यात होते. आमच्याकडे घराची ऐपत बैलांवरून ठरवतात. मला पाहायचं राहून गेलं होतं आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.)

मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"थांबा. त्या बैलाच्या शिंगावरचं शेन पुसा."

काकांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. मावळतीच्या उन्हात चांदी चमकली.

"अरे, हा त राजा हाये," सासरे म्हणाले. "वेस उघडा. आपली मानसं हायेत."

पोत्यातून फेटा काढायला वेळ नव्हता. वेशीतच अंतरपाट धरला आणि ठिगळांच्या अंगरख्यावरच मंगलाष्टकं झाली. सासूबाईंनी कुंकू आधी राजाला लावलं, उरलं ते मला.

अक्षता पडल्यावर सासरे बैलाजवळ गेले.

"राजा, जावई हुशार हाये का रे?"

गोमाशी उडून गेली होती. राजाने मान हलवली नाही.